सेंट ऑगस्टीन चर्च, जुने गोवे

गोव्यातील एक भग्न ख्रिस्ती प्रार्थनामंदिर व संरक्षित स्मारक. उत्तर गोवा जिल्ह्याच्या तिसवाडी तालुक्यात, पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. अंतरावर, जुने गोवे येथील ‘मोन्ते सांतो’ म्हणजे पवित्र टेकडीवर ते आहे. त्याचे मूळ नाव ‘नोसा सेन्योरा द ग्रासा’ (कृपामाता) असे होते. ऑगस्टीन पंथीय संन्याशांच्या मठाचे ते चर्च असल्यामुळे सेंट ऑगस्टीन हेच नाव पुढे रूढ झाले. जांभ्या दगडाच्या दर्शनी मनोऱ्याचा उभा चिरल्यासारखा एक भाग, उघडी जमीन, छत नसलेल्या भिंती आणि जमिनीत बसविलेल्या स्मृतिशिला एवढेच आज तेथे शिल्लक आहे. तथापि मांडवी नदीकाठच्या या उजाड राजधानीची ओळख म्हणून सु. ४६ मी. उंचीचा हा तुटका मनोराच पुष्कळदा दाखविला जातो.

आदिलशाहीच्या ताब्यातील हे शहर आफोंसो द आल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकले. पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मकावपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज सत्तेची ती राजधानी झाली. घोडे, मिरी, कापड आणि रत्ने यांच्या व्यापारामुळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया खंडातील गजबजलेल्या बंदरांत तिची गणना होऊ लागली. राजसत्तेपाठोपाठ धर्मसंघही आले. फ्रान्सिस्कन १५१७ मध्ये, जेझुइट १५४२ मध्ये व डॉमिनिकन १५४८ मध्ये येथे स्थिरावले. ऑगस्टीन पंथीय १५७२ मध्ये, म्हणजे या तिघांनंतर आले. तोवर नदीलगतची सपाट जमीन इतरांनी व्यापली होती. मिळाली ती पश्चिमेकडील टेकडी; पण उंचीमुळे त्यांचे चर्च नदीतून येणाऱ्या जहाजांना दुरून दिसू लागले.

हा पंथ हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या नावाने चालणाऱ्या आचारनियमांवर आधारलेला असून पोप चौथा अलेक्झांडर याने १२५६ मध्ये इटलीतील अनेक लहानमोठ्या तपस्वी मंडळ्या एकत्र करून त्यास संघटित रूप दिले. लिस्बनमधील त्यांचा प्रमुख मठ कृपामातेच्या नावाचा असल्याने पोर्तुगीज त्यांना ‘ग्रासियानो’ म्हणत. गोव्यात आलेल्या पहिल्या तुकडीत बारा संन्यासी होते. त्यांनी गोव्यातील मठालाही लिस्बनच्या मठाचेच नाव दिले. येथूनच होर्मुझ, मस्कत, मोंबासा आणि बंगालमधील हुगळी येथे संन्यासी पाठविले जात. १६०२ मध्ये तीन संन्यासी इराणमध्ये शाह अब्बास याच्या दरबारी गेले व इस्फाहान येथे त्यांनी ठाणे वसविले. गोव्यातील मठ हा या साऱ्या जाळ्याचा मध्यबिंदू होता, आणि ही गोष्ट लक्षात घेतल्याविना या चर्चच्या इतिहासातील पुढील सर्वांत विलक्षण प्रकरणाचा उलगडा होत नाही.

पंथाच्या भरभराटीस गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस (कार. १५९५–१६१२) याचा आधार मोठा होता. तो स्वतः ऑगस्टीन पंथीय होता. केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या आज्ञेत आणण्यासाठी त्याने १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे भरविलेली धर्मसभा आजही वादाचा विषय आहे. १६०७–०९ या काळात तो पोर्तुगीज भारताचा गव्हर्नरही होता, आणि १६०६ मध्ये त्याने याच टेकडीवर, मठासमोर रस्त्यापलीकडे, जोगिणींसाठी सांता मोनिका मठाची स्थापना केली. ऑगस्टीनच्या मातेचे नाव या मठास दिले गेले. पुत्राचे व मातेचे मठ असे समोरासमोर उभे राहिले. त्यांतला एक पडला आणि दुसरा टिकला.

वास्तू : चर्चचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू होऊन १६०२ मध्ये पूर्ण झाले. गोव्यातील बहुतेक मोठ्या इमारतींप्रमाणे तेही जांभ्या दगडात व चुन्यात बांधले होते. दर्शनी बाजू पूर्वाभिमुख व अनेकमजली असून तिच्या दोन्ही अंगांना उंच मनोरे होते. आत एकच प्रशस्त लांबट दालन, त्यावर पिंपाच्या उभ्या निम्म्या छेदासारखे अर्धवर्तुळाकार दगडी छत, दोन्ही बाजूंना मिळून आठ अलंकृत उपप्रार्थनाकक्ष (चॅपेल) व पश्चिम टोकास मुख्य वेदी अशी आतील मांडणी होती. प्रवेशद्वारावरच्या सज्जात समूहगायक बसत. चर्चला लागून चौकाभोवतीच्या ओवऱ्या, संन्याशांच्या खोल्या, भोजनगृह, वस्त्रागार, सभाकक्ष व ग्रंथालय होते. शेजारी पंथाचे महाविद्यालयही उभे राहिले. भिंतींचा खालचा भाग झिलईच्या रंगीत चौकटींनी (पोर्तुगीज ‘आझुलेज’) सजविला होता. या चौकटींचे निळे-पिवळे तुकडे उत्खननात मोठ्या संख्येने सापडले असून काही मूळ जागीच भिंतीला चिकटलेले आढळतात. जमिनीवर जागोजाग स्मृतिशिला बसविलेल्या होत्या. काहींवर घराण्यांची चिन्हे व मृतांची नावे कोरलेली आहेत. चर्चच्या जमिनीत पुरले जाणे हा त्या काळी प्रतिष्ठेचा मान होता, आणि त्यासाठी देणग्याही दिल्या जात.

जुन्या गोव्यातील बाँ जेझुस (बांधकाम १५९४–१६०५) आणि से कॅथीड्रल (आरंभ १५६२) या समकालीन वास्तूंशी तुलना केल्यास या चर्चचा आवाका ध्यानात येतो. बाँ जेझुसचे मुख्य छत लाकडी आहे. इतक्या रुंद दालनावर दगडी छत चढविण्याचे धाडस ऑगस्टीन पंथीयांनी केले, ते दोनशे चाळीस वर्षे टिकले आणि अखेरीस तेच या वास्तूच्या नाशाचे पहिले कारण ठरले.

मठाची ख्याती केवळ धार्मिक नव्हती. मोंबासाचा राजपुत्र युसुफ बिन हसन लहानपणीच गोव्यात आणला गेला व ऑगस्टीन संन्याशांच्या देखरेखीखाली वाढला. त्यास बाप्तिस्मा देऊन ‘दों जेरोनिमो’ असे नाव ठेवण्यात आले, आणि पोर्तुगिजांचा मांडलिक म्हणून त्यास मोंबासाच्या गादीवर बसविण्यात आले. परंतु १६३१ मध्ये त्याने उठाव करून तेथील पोर्तुगिजांची कत्तल केली व इस्लामचा पुन्हा स्वीकार केला. मारले गेलेल्यांत ऑगस्टीन संन्यासीही होते. बंगाल व आराकानमधील प्रवासाचे वर्णन लिहिणारा सेबास्त्यांव मान्रिक हाही याच पंथाचा. पुढे १८०८ मध्ये क्लॉडियस ब्यूकॅनन हा स्कॉटिश धर्मोपदेशक गोव्यात आला, तेव्हा तो याच मठात उतरला. धर्मन्यायपीठाचा (इन्क्विझिशन) एक न्यायाधीश त्याचा यजमान होता. न्यायपीठाच्या कोठड्या पाहू देण्याचा आग्रह ब्यूकॅननने धरला आणि यजमानाने तो पुन:पुन्हा टाळला. ही हकीकत त्याने पुढे छापून प्रसिद्ध केली आणि इंग्लंडमध्ये ती बरीच गाजली. धर्मन्यायपीठ गोव्यात १५६० मध्ये स्थापन होऊन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

केतेवान राणीचे अवशेष : जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान ही पुत्र तेइमुराझ याच्या राज्याचा बचाव व्हावा म्हणून इराणचा शाह अब्बास (पहिला) याच्याकडे रदबदलीसाठी गेली असता ओलीस म्हणून अडकविली गेली. सु. दहा वर्षे ती शीराझ येथे नजरकैदेत होती. शीराझचा सुभेदार इमामकुली खान हा स्वतः मूळच्या जॉर्जियन घराण्यातला. इस्लाम स्वीकारण्यास नकार दिल्यावरून सप्टेंबर १६२४ मध्ये तिचा तापलेल्या सांडशीने छळ करून वध करण्यात आला. होर्मुझ १६२२ मध्ये इराणने इंग्रजांच्या मदतीने जिंकून घेतल्यापासून पोर्तुगीज व शाह यांचे संबंध बिघडलेले होते. तरीही ऑगस्टीन पंथीयांचे ठाणे शीराझमध्ये होते. त्या संन्याशांनी राणीचा देह गुप्तपणे उकरून काढला. त्यातील काही अवशेष त्यांनी जॉर्जियात तेइमुराझकडे पोहोचविले, तर उजव्या हाताचा भाग १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आणला. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चने राणीस संतपद दिले. तेइमुराझ हा स्वतः कवी होता आणि मातेच्या हौतात्म्यावर त्याने काव्य रचले. लिस्बनच्या ग्रासा मठातही या प्रसंगाची रंगीत चौकटींतील चित्रे आहेत.

ऑर्थोडॉक्स राणीचा हात कॅथलिक मठाने जपावा, यात भक्तीबरोबर पंथाच्या अभिमानाचाही अंश होता. इराणमधील आपल्या कार्याचा हा दृश्य पुरावा त्यांनी सभाकक्षातील वेदीच्या उजव्या अंगाच्या दुसऱ्या खिडकीत, काळ्या दगडाच्या पेटीत ठेवला, अशी नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. एका खिडकीचा हा निर्देश तीनशे-साडेतीनशे वर्षांनंतर, जेव्हा ना खिडकी उरली ना कक्ष, तेव्हा उपयोगी पडावयाचा होता.

ऱ्हास : सतराव्या शतकापासून शहर ओसरू लागले. डचांनी मांडवीच्या मुखाची वारंवार नाकेबंदी केली. मलबार व श्रीलंकेतील ठाणी गेली, आणि व्यापार आटला. शहरातील विहिरींचे पाणी दूषित झाले व तापाच्या साथी वरचेवर येऊ लागल्या. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये शहर सोडून पणेली येथे व पुढे १७५९ मध्ये पणजीस मुक्काम हलविला. १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात जुन्या शहराची उपयुक्तता एकच राहिली, ती म्हणजे घडीव दगडांची खाण. जेझुइटांचे सेंट पॉल महाविद्यालय १८२९–३२ च्या सुमारास पाडून त्याचा दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेण्यात आला. त्याच्या दर्शनी भागाची एक कमान मात्र उभी राहिली.

टेकडीवरील मठ इतकी वर्षे तग धरून होता, कारण संन्यासी तेथे राहत होते. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी पक्षाच्या विजयानंतर ३० मे १८३४ च्या फर्मानाने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त करण्यात आले व त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. गोव्यात या आज्ञेची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. संन्याशांना मठ सोडावा लागला, मौल्यवान वस्तू हलविण्यात आल्या, आणि चर्चचे दरवाजे बंद झाले. मोठी घंटा १८४१ मध्ये आग्वादच्या दीपगृहात नेण्यात आली. त्यानंतरच्याच वर्षी, १८४२ मध्ये, मुख्य दालनाचे छत कोसळले. २३३ वर्षे उपासनेत असलेली वास्तू ओस पडल्यापासून सात पावसाळ्यांत जमीनदोस्त होऊ लागली, हा या चर्चच्या इतिहासातील सर्वांत बोलका आकडा होय. या नाशामागे ना युद्ध होते, ना भूकंप, ना शत्रूची तोफ.

याची कारणमीमांसा जांभ्याच्या व दगडी छताच्या स्वभावात आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत कठीण होतो. पण त्याची सच्छिद्रता कायम राहते. उघड्यावर तो पाणी पितो. म्हणून गोव्यात जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा जाड गिलावा देण्याची व दरवर्षी पावसाळ्यानंतर ती पांढरी करण्याची रीत होती. चुन्याचा हा लेप शोभेपेक्षा अधिक संरक्षणासाठी असे. कोकणपट्टीत वर्षाकाठी सु. २५० ते ३०० सेंमी. पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. गिलाव्यास एक चीर पडली आणि ती बुजविली नाही, की पाणी सांध्यांतील चुना धुऊन नेते. चिरेत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचे बी पडते व मुळ्या सांधे उकलतात. अर्धवर्तुळाकार छताचे वजन नुसते खाली येत नाही, ते बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. या चर्चमध्ये तो रेटा दोन्ही बाजूंच्या उपकक्षांच्या आडव्या भिंती पेलत होत्या. सांधे सैल होऊन भिंत थोडी जरी कलली, तरी माथ्यावरचे दगड निसटतात, आणि असे छत अंशाअंशाने न ढासळता एकदम बसते. छत गेल्यावर भिंती वरून उघड्या पडतात व पुढचा नाश सोपा होतो.

समोरच्या सांता मोनिका मठाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तोही त्याच काळातला, त्याच टेकडीवरचा व त्याच दगडाचा. परंतु फर्मानाने स्त्रियांचे मठ तत्काळ बंद केले नव्हते. नव्या जोगिणी घेण्यास मनाई करून असलेल्या जोगिणींना मरेपर्यंत राहू दिले होते. सांता मोनिकातील शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. म्हणजे पन्नास वर्षे तेथे कोणीतरी गळती पाहणारे होते. नंतर इमारतीचा अन्य उपयोग झाला; १९६४ पासून तेथे जोगिणींची शिक्षणसंस्था आहे. बाँ जेझुसचे उदाहरणही असेच आहे. जेझुइटांना १७५९ मध्ये हद्दपार केले गेले. पण संत फ्रान्सिस झेव्हिअरचा देह तेथे असल्याने चर्चची देखभाल थांबली नाही. ऑगस्टीन पंथीयांकडे असा लोकप्रिय संत नव्हता. त्यांच्याकडे होती ती एका परक्या राणीची हाताची हाडे, आणि संन्यासी गेल्यावर तिचे नाव सांगणारेही गोव्यात उरले नाही.

छताच्या पतनानंतरही दर्शनी भाग जवळजवळ नव्वद वर्षे उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या छायाचित्रांत तो झाडोऱ्यात, मागे काही नसलेल्या पडद्यासारखा दिसतो. १९३१ मध्ये दर्शनी भिंत व एका मनोऱ्याचा निम्मा भाग कोसळला, आणि १९३८ मध्ये आणखी काही भाग पडला. आज दिसतो तो मनोऱ्याचा चिरलेला आकार तेव्हाचा. शहरात यापूर्वीही असे घडले होते. से कॅथीड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला व पुन्हा बांधला गेला नाही. फरक इतकाच, की कॅथीड्रलमध्ये उपासना चालू राहिली.

घंटेची कथा मात्र वेगळी झाली. सु. २,२५० किग्रॅ. वजनाची ही घंटा गोव्यात आकाराने दुसऱ्या क्रमांकाची समजली जाते; पहिला मान से कॅथीड्रलच्या ‘सोनेरी घंटे’चा. तीस वर्षे आग्वाद येथे राहिल्यावर १८७१ मध्ये ती पणजीच्या निष्कलंक गर्भधारणा चर्चमध्ये बसविण्यात आली व तिच्यासाठी त्या चर्चच्या दर्शनी भागावर उंच घंटाघर उभारण्यात आले. पणजीच्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या माथ्यावरील त्या चर्चचे आजचे रूप अशा रीतीने काही अंशी टेकडीवरच्या भग्न चर्चनेच दिले आहे. घंटा अजून वाजते.

संरक्षण व उत्खनन : गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाल्यावर जुन्या गोव्यातील प्रमुख वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली आल्या. या चर्चचे काय करावे, हा प्रश्न इतरांहून वेगळा होता. इतर वास्तूंना छप्पर होते, म्हणून दुरुस्ती शक्य होती. येथे ढिगारा होता. पुनर्बांधणी करावयाची तर कोणत्या आधारावर, हा पेच होता. कारण पूर्ण उंचीच्या दर्शनी भागाची चित्रे व छायाचित्रे असली, तरी आतील छताचे व सजावटीचे विश्वसनीय मोजमाप नव्हते. अनुमानाने उभी केलेली भिंत जुनी म्हणून दाखविणे हे संरक्षणाच्या तत्त्वांत बसत नाही. विभागाने म्हणूनच वास्तू भग्न स्थितीतच राखण्याचा मार्ग स्वीकारला : ढिगारा उपसून मूळ जमीन मोकळी करणे, भिंतींचे माथे चुन्याने बंद करणे, मुळ्या काढणे, पाण्याला वाट करून देणे आणि डगमगणाऱ्या भागांना त्याच जातीच्या दगडाचा आधार देणे. हा निर्णय योग्यच होता, असे पुढील घटनांवरून म्हणता येते. १९८६ मध्ये ‘गोव्याची चर्चे व मठ’ या नावाने येथील सात वास्तूंचा युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत समावेश झाला. त्यांत हे चर्चही आहे, आणि त्या सातांत हे एकच असे आहे की ज्यात उपासना होऊ शकत नाही.

ढिगारा उपसण्याच्या कामाला केतेवान राणीच्या शोधामुळे वेगळेच महत्त्व आले. १९८९ पासून जॉर्जियाची शिष्टमंडळे गोव्यात येऊ लागली. जॉर्जिया तेव्हा सोव्हिएट संघात होता. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर या शोधामागे राष्ट्रीय भावनाही उभी राहिली. अडचण अशी होती, की कागदपत्रांतील ‘दुसरी खिडकी’ शोधण्यापूर्वी सभाकक्ष कोठे होता हेच ठरवावे लागत होते. मठाच्या खोल्या, ओवऱ्या व कक्ष यांचा आराखडा उत्खननाने हळूहळू स्पष्ट झाला आणि अखेर सभाकक्षाची जागा निश्चित झाली. तेथील ढिगाऱ्यात २००४ मध्ये हाताचे एक लांब हाड मिळाले.

ते कोणाचे, हे ठरविण्यासाठी हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात त्याची तपासणी झाली. पेशींतील सूत्रकणिका (मायटोकाँड्रिया) नावाच्या सूक्ष्म घटकांत स्वतःचे डीएनए असते व ते केवळ मातेकडून अपत्याकडे जाते. त्यातील ठरावीक बदलांवरून व्यक्तीचा मातृवंश ओळखता येतो. शेकडो वर्षांच्या हाडात हे डीएनए तुकड्यातुकड्यांनी टिकून राहू शकते, कारण एकेका पेशीत त्याच्या प्रती पुष्कळ असतात. गोव्यातील हाडात ‘यू१बी’ हा मातृवंश आढळला. भारतीय उपखंडातील बावीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींत तो एकदाही मिळाला नाही. उलट, तुलनेसाठी तपासलेल्या तीस जॉर्जियन व्यक्तींपैकी दोघांत तो होता. हे निष्कर्ष २०१३–१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ मातृवंशावरून व्यक्तीचे नाव सिद्ध होत नाही, ही मर्यादा येथे ध्यानात ठेवली पाहिजे. कारण तो मातृवंश अनेकांचा असू शकतो. परंतु लिखित नोंद, सापडल्याची जागा आणि वंशाचा पुरावा ही तीन स्वतंत्र सूत्रे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि पश्चिम आशियातील दुसऱ्या कोणाचा हात या मठात जपून ठेवल्याची नोंद नाही. ढिगाऱ्यावर नवे चर्च उभारले गेले असते, अथवा सेंट पॉल महाविद्यालयाप्रमाणे दगड उचलून नेले असते, तर हा शोध संभवलाच नसता.

जॉर्जियाच्या विनंतीवरून २०१७ मध्ये हा अवशेष मुदतीने त्या देशात नेण्यात आला. तेथील निरनिराळ्या चर्चमध्ये त्याच्या दर्शनासाठी गर्दी झाली. मुदत संपल्यावर तो भारतात परत आला. पुढे १० जुलै २०२१ रोजी भारताचे परराष्ट्रमंत्री सुब्रह्मण्यम जयशंकर यांनी त्याचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला. शीराझहून गोव्यास आलेला हा हात जवळजवळ चारशे वर्षांनी, ज्या देशातून राणी ओलीस म्हणून निघाली होती तेथे पोहोचला.

या वास्तूच्या जपणुकीतील अडचणी आजही पावसाळ्याच्याच आहेत. छप्पर नसल्याने दरवर्षी भिंतींच्या माथ्यावर गवत व रोपे उगवतात व ती मुळासकट काढावी लागतात. सिमेंटने केलेली डागडुजी जांभ्यास मानवत नाही. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवते व दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून चुनाच वापरावा लागतो. बाँ जेझुसच्या बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात ‘प्राचीन’ रूप यावे म्हणून एका पोर्तुगीज वास्तुशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तेथील उघडा जांभा झिजत आहे आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. टेकडीवरचा उघडा मनोरा पाहून पाहणाऱ्यास लाल दगडाचे सौंदर्य जाणवते. पण बांधणाऱ्यांनी तो कधीच लाल दाखविला नव्हता, तो पांढराशुभ्र होता.

मनोऱ्याच्या पायथ्याशी प्रवेश केल्यावर डावी-उजवीकडे उपकक्षांच्या आडव्या भिंती ओळीने दिसतात. छताचा रेटा पेलणाऱ्या त्या ह्याच. पुढे मुख्य वेदीची चौथऱ्यासारखी जागा व तिच्या पलीकडे मठाच्या खोल्यांचे पाये आहेत. चालताना पायाखाली येणाऱ्या शिलांवरील पोर्तुगीज व लॅटिन अक्षरे पुष्कळ ठिकाणी झिजली असली, तरी काहींवरील नावे व ढाली स्पष्ट वाचता येतात. खिडक्यांच्या चौकटी, खांबांचे तुकडे व वेदींचे भाग उपकक्षांतून मांडून ठेवलेले आहेत. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस सांता मोनिका मठ असून त्याच्या एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे; टेकडीच्या पश्चिम कडेला, नदीकडे तोंड करून, कृपामातेच्या चर्चहून जुने असे रोझरी मातेचे चर्च उभे आहे.